माती थांबत थांबत जाते

तिशीच्या आत-बाहेर असताना मी एक कविता लिहिली होती. आमच्या पातूरच्या डोंगराची माती पुरात वाहून निघते, पूर्णेतून तापीत जाते आणि शेवटी सुरतेजवळच्या समुद्रात मिळते, असा तिचा आशय. गावातल्याच एका कार्यक्रमात मी ती वाचली. टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर आमच्या वावराच्या खालच्या बाजूला ज्यांचं वावर आहे ते काका जवळ आले. माझ्या अब्बांच्या वयाचे. म्हणाले, “शायरभाई, कविता गोड हाय. पण तुमची माती काही समुद्रात गेली नाही. ते माह्या लवणात बसली हाये. उद्या येऊन पाह्यजा.”

लोक हसले, मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी खरोखरच गेलो. काकांच्या वावरात सखल भाग आहे, आमच्याकडे त्याला लवण म्हणतात. तिथे त्यांनी कुदळीने गुडघाभर खड्डा खणून दाखवला. वरची माती आमच्यासारखी, तांबूस-करडी, बारीक खडे असलेली. तिच्याखाली त्यांची मूळची काळीभोर. मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. काका म्हणाले, “आता याचं भाडं मात्र मागू नका!”

आकाशवाणीवर पाण्याविषयी बोलायला बोलावलं, तेव्हा मला ती रेघ आठवली. पाण्याविषयी पुष्कळ बोललं जातं. पाण्याबरोबर जे जातं त्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. मी शास्त्रज्ञ नाही, बी.ए. झालेला माणूस आहे. पण काकांनी चूक दाखवल्यावर या विषयाचं जे वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि वावरात उभं राहून पाहिलं, ते सांगतो.

आधी आमचा भूगोल. अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याने दक्षिणेला निघालं की तीस-बत्तीस किलोमीटरवर सपाटी संपते आणि डोंगर सुरू होतो. त्याच्या पायथ्याशी पातूर. टेकडीत कोरलेली जुनी लेणी, वर रेणुकामातेचं मंदिर, गावात शाहबाबूंचा दर्गा. हा सगळा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा. घाट चढून वर गेलात की वाशीमच्या पठारावर एक गंमत आहे. तिथे पडलेला काही पाऊस काटेपूर्णेतून उत्तरेला उतरतो, पूर्णा आणि तापीतून अरबी समुद्राकडे जातो. जवळच पडलेला दुसरा पाऊस पैनगंगेत जातो, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत थेट बंगालच्या उपसागराकडे. दोन थेंब ढगात शेजारी होते, खाली पडल्यावर देशाच्या दोन टोकांना गेले.

पातूर तालुक्यातून उत्तरेला उतरणाऱ्या दोन मोठ्या नद्या म्हणजे मोर्णा आणि निर्गुणा. मोर्णा अकोला शहरातून जाऊन पूर्णेला मिळते. निर्गुणा लिंबांसाठी प्रसिद्ध असलेल्या वाडेगावावरून जाऊन मन नदीला मिळते, आणि मन नदी बाळापूरच्या किल्ल्याला वळसा घालून पुढे पूर्णेला. निर्गुणा मनात जाते, मन पूर्णेत. एवढं तत्त्वज्ञान नकाशावर आयतं लिहिलेलं असताना आम्ही कवींनी वेगळं काय लिहायचं? आमचं वावर निर्गुणेच्या बाजूचं. म्हणजे माझ्या कवितेतली वाट बरोबर होती. चूक होती ती प्रवासाच्या वेळापत्रकात.

पाणी आणि माती एकाच गाडीने निघतात, पण पाणी थेट तिकीट काढतं आणि माती स्टेशनास्टेशनावर उतरते. डोंगरावर पडलेल्या पावसाचं पाणी काही दिवसांत पूर्णेला पोहोचू शकतं. त्याच पावसाने उचललेल्या मातीच्या कणाला तेवढ्याच प्रवासाला वर्षं लागतात, शतकं लागतात, कधी हजारो वर्षं.

सुरुवात कुठून होते पाहा. पावसाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आपटतो आणि मातीचं ढेकूळ फोडतो. भिंतीच्या तळाशी पावसाळ्यात हातभर उंचीपर्यंत मातीचे शिंतोडे दिसतात ना, ते या आपटण्याचे. जमिनीवर पीक असेल, गवत असेल, निदान पालापाचोळा असेल, तर हा मार त्याच्यावर जातो. आमच्या काळ्या मातीचा स्वभाव आणखी वेगळा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिले एक-दोन पाऊस या भेगा पिऊन टाकतात. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन पाणी आत घेईनाशी होते. मग पाणी वरून चालायला लागतं. आधी चादरीसारखं पसरून, मग बोटाएवढ्या धारांनी, मग त्या धारा एकत्र होऊन नाल्याकडे.

माझ्या लहानपणी वावरात ज्वारी, पऱ्हाटी आणि मध्ये तुरीच्या ओळी असत. अब्बा तिफन नेहमी उताराला आडवी धरायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता सोयाबीन आलं, ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोयीचं पडतं, आणि आमच्या वावराची लांबी नेमकी उताराच्या दिशेने आहे. म्हणजे आपणच पैसे देऊन पाण्याला शेदोनशे सरळ वाटा आखून देतो. ही चूक मीही पाच-सात वर्षं केली, हे कबूल करायला हवं.

माती किती जाते? 1983 साली ध्रुवनारायण आणि राम बाबू या दोन भारतीय मृदासंधारण शास्त्रज्ञांनी देशाचा हिशेब मांडला. हेक्टरी सरासरी सोळा टनांच्या थोडी वर, दर वर्षी. एकरात सांगायचं तर साडेसहा टनांच्या आसपास. ऐकायला भयंकर वाटतं, पण वावरात उभं राहिलं तर काहीच दिसत नाही, कारण जाडीत मोजलं तर ते जेमतेम सव्वा मिलिमीटर भरतं. सव्वा मिलिमीटर कोणाच्या डोळ्याला दिसणार? वीस वर्षं गेली की एक इंच होतो. आणि वरचा इंच म्हणजे सगळ्यात कसदार इंच.

पण त्या हिशेबातला मला चकित करणारा आकडा पुढचाच आहे. हललेल्या मातीपैकी समुद्राला किती मिळते? त्यांच्या अंदाजाने 29 टक्के. धरणांच्या तळाशी सुमारे 10 टक्के. उरलेली 61 टक्के, म्हणजे पाचातले तीन हिस्से, एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसते. धुऱ्याशी, लवणात, नाल्याच्या वळणावर, नदीच्या काठच्या सपाटीवर. काकांनी कुदळीने जे दाखवलं, तेच शास्त्रज्ञांनी देशभराच्या आकड्यांत सांगितलं होतं. देशाची सरासरी जशीच्या तशी आमच्या नाल्याला लागू होणार नाही, हे खरं. पण दिशा तीच.

कणांचीही जातवारी आहे. चिकणमातीचा कण इतका बारीक की पाणी हलतं आहे तोवर तो तरंगत राहतो. नाल्याच्या पाण्याचा चहासारखा रंग त्याचा. रेती मात्र तरंगत नाही. ती तळाशी उड्या मारत जाते. गोटे तर मोठ्या पुराशिवाय जागचे हलत नाहीत. आल्बर्ट आइन्स्टाइन यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांचा मुलगा हान्स आल्बर्ट आइन्स्टाइन हा नदीच्या गाळाचा मोठा अभ्यासक होता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. 1936 साली त्याने झुरिकमध्ये डॉक्टरेट मिळवली, ती याच विषयावर. तळावरचा खडा कसा सरकतो? त्याचं म्हणणं असं की खडा एक छोटी उडी मारतो आणि मग विसावतो. विसावा उडीपेक्षा कितीतरी लांब असतो. पुन्हा उडी कधी, हे नक्की सांगता येत नाही, फक्त शक्यता मोजता येते. बापाने विश्वाचा हिशेब केला, लेकाने खड्याचा. मला दोन्ही सारखेच मोठे वाटतात.

एकदा हे थांबणं डोक्यात बसलं की आपला सगळा मुलूखच वेगळा दिसायला लागतो. पातूरच्या टेकडीवरून उत्तरेला पाहिलं, हवा स्वच्छ असेल तर पार सातपुड्यापर्यंतची सपाटी जाणवते. ही पूर्णेची सपाटी म्हणजे काय? दोन डोंगरांमध्ये खचलेला खोलगट भाग, आणि दोन्हीकडच्या नद्यांनी लाखो वर्षं आणून भरलेला गाळ. काही ठिकाणी हा गाळ शेकडो फूट खोल आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-तेल्हाऱ्याकडे, नद्या डोंगरातून बाहेर पडल्याबरोबर आधी गोटे टाकतात, मग रेती, आणि पुढे पूर्णेच्या जवळ नुसती चिकणमाती. हमालाने आधी जड पोतं उतरवावं तसं. वऱ्हाडातली जी खोल काळी जमीन आपण पऱ्हाटीसाठी नावाजतो, ती पुष्कळशी अशी विसाव्याला बसलेली माती आहे.

सगळाच विसावा गोड नसतो, हेही सांगायला हवं. त्याच सपाटीत आपला खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार लाख हेक्टरांहून अधिक. तिथे विहीर खणली की पाणी लागतं, पण खारं. चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार तिथेच मुक्काम करतात. वर पाऊस पडतो, खाली पाणी आहे, आणि माणसं पिण्याच्या पाण्यासाठी दूरच्या धरणाच्या नळावर अवलंबून. माती थांबली ते बरं झालं, पाणीही अडकलं ते वाईट झालं. या दोन गोष्टी एकाच जागी घडतात.

आता धरणं. मोर्णेवर पातूरजवळ धरण आहे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. निर्गुणेवरही आहे. काटेपूर्णेवर महानला आहे, त्याचं पाणी अकोलेकर पितात. धरण म्हणजे मातीच्या वाटेवरचं सगळ्यात मोठं स्टेशन. वाहतं पाणी तिथे येऊन उभं राहतं, आणि पाणी उभं राहिलं की माती सोबत सोडते. रेती-खडे धरणाच्या तोंडाशीच बसतात, चिकणमाती भिंतीपर्यंत जाते. पुरात दरवाजे उघडले किंवा सांडव्यावरून पाणी गेलं की थोडी बारीक माती पुढे सुटते, रेती जवळजवळ सगळी अडकते.

धरण गाळाने भरतं, एवढं आपल्याला माहीत असतं. धरणाच्या खाली काय होतं, तिकडे लक्ष जात नाही. माती टाकून आलेलं पाणी खाली उतरतं तेव्हा त्याच्या अंगात वाहून न्यायची ताकद शिल्लक असते आणि हात रिकामे असतात. मग ते काठ खातं, तळ खरवडतं. परदेशातले शास्त्रज्ञ याला भुकेलं पाणी म्हणतात. भुकेलं पाणी! हा शब्द मला सुचायला हवा होता. त्यात आपण त्याच नदीतली रेती उपसून बांधकामाला नेतो, म्हणजे भुकेल्याच्या ताटातलंही काढून घेतो. वरून नवी रेती येणार नाही, कारण ती धरणाच्या मागे बसली आहे. मग नदीत उरतो उघडा खडक नाहीतर चिखल. लहानपणी ज्या पात्रात रेतीत वीतभर झिरा खणून आम्ही ओंजळीने पाणी प्यायचो, तिथे आज खणायला रेती नाही.

पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. त्या संगमाच्या खाली लगेच हतनूरचं धरण, 1982 साली पूर्ण झालेलं, एकेचाळीस दरवाजांचं. जळगावकडच्या लोकांशी बोललात तर हतनूरच्या गाळाची तक्रार ऐकू येते. ही तक्रार थोडीफार आपल्याबद्दलची आहे, हे आपल्या गावी नसतं. अकोल्याची, अमरावतीची, बुलढाण्याची माती तिथे जाऊन बसते. त्याच्या खाली गुजरातेत उकाई, 1972 सालचं, आणखी मोठं स्टेशन. त्याच्या पलीकडे सुरत.

सुरतेचं नाव आमच्या घरात वेगळ्या कारणाने निघायचं. मुघलांच्या काळात हाजी लोक तिथून जहाजात बसत, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. त्या काळीसुद्धा मोठी जहाजं तापीच्या तोंडातून आत येत नसत, समुद्रकिनारी सुवाळीला नांगर टाकत, कारण मुखाशी गाळाचे उथळ पट्टे होते. त्या गाळात थोडा वऱ्हाडचाही असणार. हाजींच्या आधी आपली माती तिथे जाऊन पोहोचलेली होती. म्हणजे माझी कविता अगदीच खोटी नव्हती. पण ती माती माझ्या किंवा अब्बांच्या काळात निघालेली नव्हती. आज उकाई असताना आमच्या वावरातला खडा सुरतेला जाईल, असं मी आता लिहिणार नाही.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग थांबवणं चांगलं की जाऊ देणं चांगलं? मलाही आधी वाटायचं की उत्तर एकच असेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या वावराच्या कडेचा नाला सरळ आणि खोल करण्यात आला. कोणी केला, कोणत्या कामात केला, ते इथे महत्त्वाचं नाही. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता आणि आम्हीही हौसेने सह्या दिल्या होत्या. नाला पूर्वी वेडावाकडा होता, त्यात सिंदीची झाडं होती, वळणावर गाळाचे ओटे होते. मशीनने आठ दिवसांत तो कालव्यासारखा केला. पहिल्या पावसात पाणी साचलं, सगळे खूश. दुसऱ्या वर्षी मोठा पाऊस एका रात्रीत झाला. सकाळी गेलो तर आमच्या बाजूचा काठ तुरीच्या दोन तासांसकट नाल्यात बसला होता. आणि वावरातून नाल्याला मिळणारी जी लहानशी घळ होती, तिचं तोंड दोन हात खोल गेलं होतं.

असं का व्हावं, ते नंतर समजलं. नाल्याचा तळ खाली गेला की त्याला मिळणारी प्रत्येक घळ त्या नव्या तळाशी जुळवून घ्यायला निघते. घळीच्या तोंडाशी छोटा धबधबा तयार होतो आणि तो दर पावसात मागे, वावराच्या आत सरकत जातो. खणला नाला, आणि कापली गेली वावरं. शिवाय वळणं गेली, ओटे गेले, झाडं गेली, म्हणजे मातीची मधली स्टेशनं गेली. आमच्याकडून निघालेली माती पूर्वी पाच ठिकाणी टेकत जायची, ती आता विनाथांबा पळाली आणि खालच्या रस्त्याच्या पुलाच्या नळ्यांत जाऊन अडकली. नळ्या बुजल्या, पाणी रस्त्यावरून गेलं, आणि रस्त्यापलीकडच्या दोन वावरांत घुसलं. म्हणजे वरच्याचंही नुकसान, खालच्याचंही. एका ठिकाणी वाट उघडली तर तिचा परिणाम फक्त खालीच जात नाही, वरही चढतो, हे मला त्या सकाळी कळलं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात कून क्रीक नावाची छोटी नदी आहे. तिथल्या शेतांची गेल्या शतकाच्या सुरुवातीला फार वाईट धूप झाली होती. 1933 पासून तिथे जोरात मृदासंधारणाची कामं झाली, बांध घातले, आडवी पेरणी आली, धूप खूप कमी झाली. स्टॅन्ली ट्रिंबल या अभ्यासकाने 1853 पासून 1993 पर्यंतचा तिथल्या मातीचा जमाखर्च काढला. धूप कमी झाली, पण खोऱ्याच्या तोंडातून बाहेर मिसिसिपीकडे जाणारी माती जवळजवळ तेवढीच राहिली. कसं काय? धुपीच्या दिवसांत बहुतेक माती बाहेर गेलीच नव्हती, दरीत साचली होती. नंतर वरून येणं कमी झालं तशी दरीत साचणारी माती कमी झाली, आणि जुना साठाही काही ठिकाणी सुटत राहिला. आजोबांच्या काळात हललेली माती नातवाच्या काळात नदीत उतरते. म्हणून यंदा बांध घातला आणि पुढच्या वर्षी धरणातला गाळ कमी झाला नाही, तर बांध वाया गेला असं समजू नये. आणि यंदा धरणात आलेला गाळ यंदाच्याच वावरांचा, असंही समजू नये.

2017 पासून आपल्याकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्याने तो वावरात नेऊन टाकायचा. कल्पना मला आवडते. मातीला परतीचं तिकीट! मीही एका उन्हाळ्यात गाळ आणला. तेव्हा हिशेब केला. एक एकरावर एक इंच थर द्यायचा तर पस्तीस ट्रॉल्यांच्या आसपास लागतात, ट्रॉलीत तीन घनमीटर धरले तर. पावसाने वीस वर्षांत काही न बोलता नेलेला इंच परत आणायला पस्तीस खेपांचं डिझेल. आणि परत येते ती तीच माती नसते. खडे, रेती वाटेत राहिलेली, तलावात पोहोचलेली बहुतेक चिकणमाती. आमच्या वरच्या बरड तुकड्यावर ती सोन्यासारखी लागली, कारण तिथे पाणी धरून ठेवायला काही नव्हतंच. खालच्या भारी जमिनीत टाकली ती मात्र पावसाळ्यात चिकट होऊन बसली, तूर पिवळी पडली. आधी माती तपासून घ्या, असं कृषी सहायक सांगत होते. मी ऐकलं नाही.

मग वावर सावरायचं कसं, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. अब्बा तोवर राहिले नव्हते. त्यांना तीन-तीन मुठी माती देताना ती कोणत्या पावसात कुठून आलेली, असला विचार मनात आला नव्हता. आता येतो. असो. मी पेरणी पुन्हा आडवी सुरू केली. ट्रॅक्टरवाला कुरकुरला, वळणं फार पडतात म्हणून जास्त पैसे मागितले, दिले. घळीच्या तोंडाशी डोंगरातले गोटे रचून पायऱ्या केल्या, म्हणजे पाणी उडी मारण्याऐवजी उतरत जाईल. धुऱ्यावर मारवेल गवत लावलं. आणि काकांच्या बाजूचा धुरा चांगला कमरेएवढा उंच केला.

त्यावरून भांडण व्हायची वेळ आली. पहिल्या पावसाळ्यात आमच्या धुऱ्याशी पाणी तुंबलं आणि दोन गुंठे सोयाबीन सडलं, ते आमचं आम्हाला. पण काकांचा मुलगा येऊन म्हणाला, “भाई, तुम्ही सारं पाणी वरच अडवून राह्यले. आमच्या लवणातल्या विहिरीला यंदा झिरा कमी हाये.” तो खोटं बोलत नव्हता. तीस वर्षं आमच्या वावरातून जे खाली जात होतं, त्यात आमचा तोटा होता तसा त्यांचा हक्कही तयार झाला होता. माती माझी म्हणून मी ती अडवली, पण तिच्याबरोबर पाणीही अडलं. पाणी माझं होतं का? याचं उत्तर तलाठ्याच्या नकाशात नसतं. आमच्या सातबाऱ्यावर जमिनीचं क्षेत्र असतं, तिचा उतार नसतो.

काका तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी तोड काढली. धुऱ्याला मध्ये सांडवा ठेवायचा. तोंड दगडांनी बांधायचं, तळ वावरापेक्षा वीतभर उंच ठेवायचा. म्हणजे पाणी आधी थोडं उभं राहील, माती खाली बसेल, आणि वरचं निवळलेलं पाणी सावकाश त्यांच्याकडे जाईल. निवळलेलं पाणी भुकेलं असतं, हे मी वाचलेलं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मंग त्याच्या पायाखाली गोटे टाका, खाईन काय?” सांडव्याच्या खाली त्यांच्या बाजूला दोन बंड्या गोटे टाकले. एक बंडी त्यांची, एक आमची.

वीतभर की दीड वीत, यावर अजून एकमत नाही. सोयाबीन असलं की आम्हाला सांडवा खाली हवा असतो, पाऊस कमी झाला की त्यांनाही. पाऊस मोठा झाला की आम्हाला तो वर हवा असतो. म्हणून वरची दोन दगडांची रांग आम्ही सुटीच ठेवली आहे, चुना-सिमेंट काही नाही. मृग लागला की काकांचा मुलगा आणि मी सांडव्यावर भेटतो, त्या वर्षीचं पीक पाहतो आणि ठरवतो. गेल्या वर्षी एक रांग काढली होती. काढलेले दगड धुऱ्यावरच मारवेलात पडले आहेत, यंदा हाताशी लागतील.